बाबांनी पाहिलेला जबडा

माझा धंदा जंतांचा. अकोल्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि शिकवून उरलेल्या वेळात बकऱ्यांच्या आतड्यांतले जंत काढून काचपट्टीवर बसवते. नातेवाईक मला मागून 'जंतवाली' म्हणतात, ते मला ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला कोणी राजी नसतं. ही बाई शेवयांच्या खिरीवरून काही बोलेल अशी त्यांना धास्ती. नका बसू म्हणावं, मला तेवढीच हवा लागते.

समुद्राशी माझा काय संबंध? काहीच नाही. पन्नाशीपर्यंत तो मी एकदाच पाहिला, कॉलेजच्या सहलीत, तोही पोरी मोजण्याच्या नादात. तरी डॉल्फिन माझ्या घरी आला. बरण्यांमधून आला.

कोकणातल्या एका कॉलेजात माझी एम.एस्सी.ची मैत्रीण शिकवते. तिच्या गावच्या वाळूवर डॉल्फिनची एक मेलेली मादी लागली. वनखात्याची माणसं आली, जनावरांचे डॉक्टर आले, चिरफाड झाली आणि आत जंत निघाले. "इथं जंतांचं कोणाला कळत नाही बाई, तूच बघ," मैत्रीण म्हणाली. रीतसर परवानगी काढून तिनं बरण्या पाठवल्या आणि वय काढायला म्हणून दातांसकट जबडाही पाठवला, वरचा-खालचा दोन्ही.

त्याच उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे होते. बाबा म्हणजे माझे वडील, शेंदूरजनाघाटचे. घरची संत्र्याची बाग आहे, पण जीव सगळा बैलात. आजूबाजूच्या गावांत कोणाला बैल घ्यायचा असला की आधी बाबांना बोलावणं. बैलाच्या ओठाखाली अंगठा घालून ते एकदा पाहत आणि वय सांगून मोकळे होत. नुसते दुधाचे दात असले तर आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे पक्के दात आले की जुळला. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते अकोल्याला आले होते आणि हिरवी पट्टी लावून घरात येरझाऱ्या घालत होते. बसवत नाही त्यांना. मलाही नाही.

जबडा मी गच्चीवर वाळत घातला होता. एका कोपऱ्यात शेजारणीच्या कुरडया, दुसऱ्या कोपऱ्यात तो. शेजारणीनं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. बाबा मात्र वर गेले ते तासभर आलेच नाहीत. मी पाहायला गेले तर जबडा मांडीवर घेऊन बसलेले.

"काहून वं, हे कोणाचं थोबाड आणलं?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. आपल्या किनाऱ्याला धरून राहणारी जात, खोल समुद्रात सहसा जात नाही. लांब चोच आणि पाठीवर उंचवटा, त्या उंचवट्यावर छोटासा पर. बाबांनी फोन चांगल्या डोळ्याजवळ नेला.

"याले तं वशिंड हाय!"

"हो बाबा."

"मंग आपल्यातलंच झालं," बाबा म्हणाले, आणि त्या क्षणापासून ते जनावर त्यांचं झालं. ओठ नव्हताच, तरी सवयीनं त्यांनी अंगठा हाडावरून फिरवला. वरच्या जबड्यातही पुढं दात पाहून जरा नाराज झाले, कारण बैलाला वर पुढचे दात नसतात. दात झिजलेले होते, टोकं सपाट झालेली. बाबांनी निकाल दिला. "जुळेल हाय. म्हतारी हाय. तिची येळ झाली होती, बाई. तू काई मनाले लावून घेऊ नको."

मी कशाला मनाला लावून घेते? मी म्हटलं, "बाबा, हे ढोर नाही. याचे दात पडत नाहीत. दुधाचे नाहीत अन् पक्के नाहीत, जे आले तेच मरेपर्यंत."

"असं कुठं असते?"

"असं असते."

"मंग वय कसं समजते?"

आता हा प्रश्न कोणी विचारला की मी गप्प बसत नाही. बाबांना मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतच नेलं. दात आम्लात ठेवून मऊ करायचा, मग पापुद्र्यासारखा काप घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आत थरावर थर दिसतात, साधारण वर्षाला एक. ते काम पुढं कित्येक दिवस चाललं. या कामात मी चिडचिडी होते, आणि बाबांना शांत कसं बसावं ते ठाऊकच नाही. तरी आमचं त्या दिवसांत बरं जमलं. माझ्या अगदी लहानपणानंतर इतके दिवस सलग आम्ही एका छपराखाली राहिलोच नव्हतो.

कारण सांगते. मी चार वर्षांची असताना आई गेली. काविळीनं गेली, महिन्याभरात. घरात बाबा एकटे, शेत, ढोरं, आणि मी. तेव्हा मला अमरावतीला मावशीकडे ठेवलं. मावशीला मूल नव्हतं, तिनं मला तळहाताच्या फोडासारखं वाढवलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बाबा मला सोडून गेले आणि मग वर्षभर आलेच नाहीत. सणाला नाही, वाढदिवसाला नाही. मी मावशीच्या दारात बसून रस्त्यावरचा प्रत्येक टोपीवाला माणूस पाहायची. वर्षानंतर बाबा संत्र्यांची टोपली घेऊन आले, तेव्हा मी त्यांना 'काका' म्हटलं म्हणे. मला आठवत नाही. मावशीनं ते मोठेपणी सांगितलं, आणि न येण्याचं कारणही सांगितलं.

ढोरांच्या माणसाला जे ठाऊक होतं तेच त्यांनी केलं. वासरू आईच्या दुधावरून तोडायचं असलं की त्याला दूर बांधतात, दुसऱ्या कोठ्यात, जमलं तर दुसऱ्या गावात. गाय दिसली, तिचा हंबरडा कानावर पडला की वासरू चारा सोडतं. नजरेआड ठेवलं की चार दिवस ओरडतं आणि मग खायला लागतं. बाबांना वाटलं, आपण दिसलो की पोरगी रडेल, रमणार नाही. म्हणून त्यांनी स्वतःलाच नजरेआड केलं. गावातल्या कोणीही त्यांना चूक म्हटलं नाही. सगळ्यांनी तसंच केलं असतं.

मला राग आला का? आला ना! वर्षानुवर्षं आला. पण बाबांशी त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाही, आणि तेही बोलले नाहीत. आम्ही संत्र्याच्या भावावर, पावसावर आणि माझ्या जंतांवर बोलायचो.

तर प्रयोगशाळेत. आधी पोटातला माल पाहिला. मासे विरघळून जातात, पण माशाच्या कानात दगडासारखे बारीक खडे असतात, ते राहतात. त्यांच्या आकारावरून कोणता मासा ते ओळखता येतं. तिच्या पोटात जास्त करून ढोम्याचे खडे निघाले, थोडे बोईचे, आणि माकुळाची, म्हणजे स्क्विडची, एक चोच. मी कोणती माशांची जाणकार? मैत्रिणीला फोटो पाठवून पाठवून विचारलं. बाबा शेजारी स्टुलावर बसून खडे चिमटीत धरत. "म्हंजे हे तिची भाकर," म्हणाले.

मग माझे जंत. जठरात गोल कृमी होते. ते माशांतून येतात, मासा खाल्ल्याशिवाय पोटात जात नाहीत. फुप्फुसात दोऱ्यासारखे बारीक होते. आणि कानाजवळच्या हवेच्या पोकळ्यांत पानासारखे चपटे कृमी, बरेच. डॉल्फिन आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून वाट नि मासा शोधतो. त्याच्या कानाशी असं बिऱ्हाड बसलं तर तो भरकटू शकतो. हीसुद्धा त्यामुळेच वाळूवर आली की जाळ्यात गुदमरून, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. सांगणारे सांगतात, मी नाही सांगत.

"फुप्फुसातले कुठून येते?" बाबांनी विचारलं.

"पिल्लाला ते आईकडूनच मिळत असावेत असं मानतात. पोटात असतानाच, नाहीतर दुधातून."

"मायकडून जंतबी येते," बाबा पुटपुटले. "घे."

शेवटी दाताचा काप जमला. मी आधी एकटीनं पाहिला, मग पुन्हा पाहिला. थर फार नव्हते. ही जात चाळिशीपर्यंत जाऊ शकते म्हणतात, आणि हिची अजून पंधरा-सोळा वर्षंही भरली नव्हती. या माद्या पहिल्यांदा आई होतात तेच दहाच्या आसपास किंवा पुढं. म्हणजे ऐन उमेदीतली. दात इतक्या लवकर का झिजले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तळाच्या वाळूत तोंड खुपसून मासे धरत असेल. आणि डॉक्टरांच्या अहवालात, जो मी तोवर वरवर चाळला होता, एक ओळ होती की स्तनांत दूध सापडलं.

मी बाबांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "ही कडेची ठळक रेघ दिसते? ही जन्माची. हिच्या बाहेरचं सगळं आईच्या पोटातलं, आतलं जगात आल्यावरचं. पुढं एकेक थर म्हणजे एकेक साल. कुठं आजारपण आलं, उपासमार झाली, तर कधी कधी त्याचीही खूण राहते."

"झाडाच्या बुंध्यावानी," बाबा म्हणाले. बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, "हे तं जवान हाय."

"हो."

"मी म्हतारी म्हटलं तिले."

"तुम्ही बैलाच्या हिशोबानं पाहिलं बाबा."

"अन् दूध होतं म्हणते तू."

"हो."

"मंग पिल्लू कुठं गेलं?"

मला कसं ठाऊक असणार? मी तसंच म्हटलं. बाबा उठले, टोपी नीट केली आणि घरी निघाले. रात्री जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं. किती दिवस पितं? दोन वर्षं तरी, मी म्हटलं, मध्येच मासे धरायला शिकतं. मग कधी तोडते? मी सांगितलं की तोडत नाही. मासे खायला लागलं तरी आईच्या कुशीलाच चिकटून पोहतं, तीन-चार वर्षं सोबत असतं, आणि मग आपोआप थोडं थोडं दूर जातं. बाबांचा हात ताटातच थांबला.

"नजरेआड नाई करत?"

"नाही बाबा."

त्यांनी भाकरी तशीच ठेवली. मी ताट उचललं.

बाबा शेंदूरजन्याला परत गेले आणि फोन सुरू झाले. पहिलं वाक्य कायम तेच. "काई समजलं का वं थ्या पिल्लाचं?" मी कधी पेपर तपासत असायची, कधी रिक्षात. एकदा भडकलेच. "बाबा, समुद्र आहे तो, मूर्तिजापूरचा बाजार नाही! कोणाचं वासरू कुठं गेलं हे कोणी सांगत नसतं तिथं!" पलीकडून बाबा म्हणाले, "तुही मैत्रीण हाय ना तिथं. तिले म्हण, पाह्यजो." मैत्रीण बिचारी पाहतच होती. तिनं सांगितलं की त्या भागात तीन-चार माद्या पिल्लांसह दिसतात, पण फोटोवरून एकेकाची ओळख पटवण्याइतकं काम अजून कोणी केलेलं नाही. हे बाबांना कळवलं, तर म्हणाले, "चाल मंग. आपुन जाऊन पाहू."

ऐंशीच्या घरातला माणूस, समुद्र जन्मात पाहिलेला नाही. माझा नवरा म्हणाला, जाऊन या, नाहीतर हे फोन थांबायचे नाहीत. दिवाळीनंतर आम्ही निघालो. रेल्वे, मग एसटी, मग मैत्रिणीचं घर. बाबांनी सोबत संत्र्यांची पिशवी घेतली होती, रिकाम्या हातानं कोणाच्या गावी जायचं नसतं म्हणून. वाळूवर उभं राहून त्यांनी समुद्र पाहिला. म्हणाले, "पाणी भल्लं हाय, पन कामाचं नाई." आणि घोटभर चाखून थुंकले.

सकाळी मैत्रिणीच्या ओळखीच्या नाववाल्यानं आम्हाला खाडीच्या तोंडाशी नेलं. मैत्रीण घरी थांबली. इंजिन बंद केलं आणि आम्ही वाट पाहत बसलो. मला मळमळत होतं. पोटातलं सगळं ओळखणारी बाई स्वतःचं पोट धरून बसलेली. बाबा मात्र ताठ, धोतर खोचून, दोन्ही हात नावेच्या काठावर.

आणि ते आले. आधी फुस्स आवाज झाला, मग करडी पाठ, मग ते वशिंड. बरण्यांतून आणि कापांतून मी त्या जनावराचं सगळं पाहिलं होतं, फक्त ते श्वास घेताना पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरले. जीव असलेलं शरीर इतकं सोपं दिसतं, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

एक मोठी मादी होती. तिच्या एका बाजूला पिल्लू, फिकं, तिच्या बरोबरीनं वर यायचं आणि खाली जायचं. दुसऱ्या बाजूला आणखी एक, जरा मोठं.

"दोन लेकरं," बाबा म्हणाले. "एक तिचं. अन् एक थे आपलं."

मी तोंड उघडलं होतं. बाबा, असं सांगता येत नाही. मोठं तिचंच आधीचं असेल, किंवा कोणाचंही असेल, किंवा नुसतं सोबत पोहत असेल. सगळं ओठांवर होतं. वर्गात असते तर ओरडले असते. त्यांच्याकडे पाहिलं आणि गप्प बसले.

"दुसरीपाशी राह्यलं तं जगते, नाई?"

"जगते बाबा."

"जगते थे मालूम हाय मले. तू जगलीच की." इतकं म्हणून त्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं. त्या वर्षाबद्दल आमच्यात निघालेला हा पहिला शब्द होता. डॉल्फिन लांब गेले होते. मग बाबांनी विचारलं, "तू म्हटलं होतं, दातात साऱ्या सालाच्या खुणा राह्यते. मानसाच्याबी राह्यते का?"

"राहतात थोड्या."

"मंग तुह्या दातात थे साल दिसन का वं?"

नाववाला पाठमोरा होऊन दोर गुंडाळत होता. मी म्हटलं, "नाही बाबा. ते दुधाचे दात होते, तुमच्या बैलासारखे. ते तर कधीच पडून गेले."

हे अर्धंच खरं. चार वर्षांच्या पोरीच्या तोंडात दुधाचे दात असतात, पण खाली हिरडीत पक्के दात त्याच वेळी घडत असतात. त्या वर्षाचं जे काही लिहिलं जायचं ते त्यांत लिहिलं जातं, आणि ते अजून माझ्या तोंडात आहेत. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

बाबांनी मान हलवली. सुटल्यासारखे वाटले, पण क्षणभरच. "कवा पडले?"

"पडले असतील सहाव्या-सातव्या वर्षी."

"कुठं टाकले?"

"मावशीच्या छपराच्या कवेलूवर. तीच फेकायची."

"हजार बैलाचे दात पाह्यले मी," बाबा म्हणाले. "लोकाचे गोऱ्हे आदतचे दोनदाती झाले तं मले बोलावनं यायचं. तुहे पडले तवा मी नोतो."

नाव हलत होती. बाबा सरकत सरकत माझ्याजवळ आले, मला वाटलं त्यांना संत्रं हवं आहे. त्यांनी माझी हनुवटी धरली.

"आ कर."

"बाबा, काय हे, लोक पाहतात."

"कर वं."

मी पन्नाशी ओलांडलेली, दोन पोरांची आई, कॉलेजातली बाई. मी आ केला. त्यांनी अंगठा माझ्या खालच्या ओठाखाली घातला, ओठ दाबला आणि उजेडाकडे माझं तोंड वळवलं. नव्या भिंगाच्या डोळ्यानं ते बराच वेळ पाहत राहिले. मी डोळे मिटून घेतले. त्यांच्या अंगठ्याला संत्र्याच्या सालीचा वास होता.

"जुळेल हायेत," ते म्हणाले. "सारे आले."

मग ओठ सोडून त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि नाववाल्याला म्हणाले, "चाल बाप्पा, घरी ने आता आमाले."